गळका शॉवर : आधी गळतीची जागा शोधा, मग पाना हातात घ्या



भिलाईतल्या नेहरू नगरात आमच्या घरी बाथरूमला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर ओल दिसू लागली. त्याच भिंतीवर विजेचा स्विचबोर्ड होता, म्हणून घाई झाली. ‘भिंतीतला पाइप गेला’ असे मी ठरवून टाकले आणि प्लंबरकडून टाइल्स फोडून घेतल्या. आतला पाइप ठणठणीत निघाला. पाणी झिरपत होते ते शॉवरची दांडी भिंतीतून बाहेर येते तिथल्या फटीतून. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या माणसाने चाचणी न करता निष्कर्ष काढला, त्याचा भुर्दंड पडला. तुम्हाला तो पडू नये म्हणून हा पाठ.

१. पाणी कुठे, केव्हा असते?

गच्चीवरील टाकीपासून शॉवरपर्यंतच्या वाटेचे तीन भाग करा.

भाग अ : टाकीपासून शॉवरच्या चावीपर्यंतचा पाइप. यात चोवीस तास दाब असतो.
भाग ब : चावीपासून शॉवरच्या तोंडापर्यंतचा पाइप आणि दांडी. यात फक्त शॉवर चालू असताना दाब येतो.
भाग क : टाइल्स आणि त्यांमधल्या फटी. इथे दाब नसतो. अंगावरून उडालेले पाणी तेवढे येते.

टाकीतील पाण्याची पातळी चावीच्या ४ मीटर वर असेल, तर दाब = घनता × गुरुत्वत्वरण × उंची = १००० × ९.८१ × ४ = ३९,२४० पास्कल, म्हणजे साधारण ०.४ बार. हा दाब मोठा नाही. पण भाग अ मध्ये तो रात्रंदिवस काम करतो. म्हणून तिथली बारीक गळतीही भिंत भिजवते.

२. चाचण्या : एका वेळी एकच गोष्ट बदला

सुरुवातीला ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. ओल स्विचबोर्डजवळ असेल तर त्या बोर्डाचा पुरवठा मुख्य पॅनेलवरून बंद करा. मगच पुढे जा.

चाचणी १ : शॉवर बंद केल्यावर थेंब पडतात का? लगेच नळाला दोष देऊ नका. तोंडाच्या बारीक छिद्रांत पृष्ठताणामुळे पाणी अडकून राहते आणि हवा आत शिरली की थोड्या वेळाने गळून जाते. अर्ध्या तासाने खाली कोरडा मग ठेवा. तासाभराने त्यात पाणी साचलेले असेल आणि थेंब थांबत नसतील, तर चावी नीट बंद होत नाही.

चाचणी २ (भाग अ) : दोन दिवस ते बाथरूम वापरू नका. तरीही ओल रेघेच्या पुढे सरकली, तर भाग अ वर संशय घ्या. खात्रीसाठी रात्री मोटार, सगळे नळ आणि फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून गच्चीवरील टाकीतील पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर पाणी कुठेतरी वाहते आहे.

चाचणी ३ (भाग ब) : शॉवरचे तोंड काढून दांडीला आटे असलेला प्लग घट्ट बसवा. थंड पाण्याची चावी अर्धा तास उघडी ठेवा. टाइल्स कोरड्या आहेत आणि पाइपमध्ये दाब आहे. तरी ओल वाढली, तर दोष पाइपचा किंवा सांध्याचा.

चाचणी ४ (भाग क) : एक-दोन दिवस थांबा. मग चावी बंद ठेवून टाइल्सवर आणि दांडीच्या मुळाशी मगाने पाणी ओता. आता पाइपमध्ये दाब नाही, टाइल्स मात्र ओल्या आहेत. ओल पुढे सरकली, तर पाणी फटीतून जात आहे. माझ्या घरी ही एक चाचणी केली असती तर टाइल्स वाचल्या असत्या.

३. दुरुस्ती

गीझरचे बटण बंद करा, पुरवठ्याचा कॉक बंद करा, मग शॉवर उघडून उरलेला दाब सोडा. मोरीच्या जाळीवर फडके टाका. स्क्रू हटकून तिथेच पडतो.

चावी गळत असल्यास : जुन्या पद्धतीच्या, अनेक फेरे फिरणाऱ्या चावीत रबरी वॉशर झिजतो; तो बदला. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या चावीत सिरॅमिक चकत्यांचा संच असतो. जुना संच दुकानात दाखवून तसाच आणा.

सांधा गळत असल्यास : तोंडाच्या आतला रबरी वॉशर आधी तपासा. दांडीच्या आट्यांवरची जुनी टेप काढा. आट्यांचे टोक स्वतःकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलट गुंडाळली तर आवळताना सुटते. इथले प्लंबर आट्यांना ‘चूडी’ म्हणतात. आणखी एक गंमत : भिलाईत ‘बीएसपी’ म्हणजे पोलाद कारखाना, नळाच्या दुकानात मात्र ते आट्यांच्या ब्रिटिश मानकाचे नाव आहे. त्यातल्या ‘अर्धा इंची’ आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो, म्हणून पट्टीने मोजून सुटा भाग मागू नका. प्लास्टिकचे सांधे जोर लावून आवळू नका, तडकतात.

फट झिरपत असल्यास : दांडीच्या मुळाशी असलेली गोल चकती मागे सरकवा, जागा पूर्ण कोरडी होऊ द्या आणि सिलिकॉन सीलंट भरा. टाइल्समधल्या फटी ग्राउटने भरा.

दोष भाग अ चा किंवा भिंतीतल्या पाइपचा निघाला, तर प्लंबर बोलवाच. पण त्याला रेघा, तारखा आणि चाचण्यांचे निकाल दाखवा, म्हणजे नेमकी तेवढीच जागा फोडता येईल.

४. स्वाध्याय

१. एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला किती पाणी वाया जाते? (उत्तर : सुमारे ४.३ लिटर)
२. हेच पाणी गीझरमधून ३० अंश सेल्सिअसने तापून आलेले असेल, तर रोज किती वीज वाया जाते? (उत्तर : सुमारे ०.१५ युनिट)
३. घरातल्या गळक्या नळाखाली तासभर बाटली ठेवा, पाणी मोजा आणि थेंबाचे खरे आकारमान काढा. आपण धरलेली किंमत कितपत बरोबर होती?