आनुवंशिकी आणि आत्मचित्र : माध्यमिक स्तरावरील एकत्रित अध्यापन

प्रस्तावना :
माध्यमिक शाळेत विज्ञान व चित्रकला हे विषय स्वतंत्र तासिकांत शिकविले जातात. तथापि, 'मी असा का दिसतो?' हा प्रश्न दोन्ही विषयांना समान आहे. आत्मचित्राच्या साहाय्याने आनुवंशिकीचे अध्यापन अधिक अचूक कसे करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अध्यापनातील अडचण :
ग्रेगर मेंडेल यांनी वाटाण्याच्या ७ लक्षणांवर केलेले संशोधन १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले. वाटाण्याचे बी गोल असते किंवा सुरकुतलेले; मधली अवस्था आढळत नाही. हाच नियम मानवी चेहऱ्याला सरसकट लावला की चूक घडते. जीभ नळीसारखी वळविता येणे हे प्रभावी जनुकाचे लक्षण असल्याचे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये सुचविले. परंतु एकसमान जुळ्यांपैकी एकालाच जीभ वळविता येते, अशी उदाहरणे १९५२ मध्ये पुढे आली. तरीही हे उदाहरण वर्गात दीर्घकाळ दिले जात राहिले. त्यातून पालकांशी लक्षण न जुळणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात स्वतःच्या जन्माविषयी अकारण शंका निर्माण होऊ शकते.

फ्रिडा काहलो यांची दोन चित्रे :
या मेक्सिकन चित्रकर्तीने १९३६ मध्ये 'माझे आजी-आजोबा, माझे आईवडील आणि मी' या आशयाचे शीर्षक असलेले चित्र रंगविले. त्यात लहानगी फ्रिडा हातात लाल फीत धरून उभी आहे व ती फीत दोन्हीकडच्या आजी-आजोबांपर्यंत पोहोचते. आईच्या पोशाखावर गर्भ, तर बाजूला अंडपेशीचे फलन दाखविले आहे. वंशावळ आणि आत्मचित्र येथे एकरूप झाले आहेत. १९४४ मधील 'भग्न स्तंभ' या आत्मचित्रात मात्र पाठीच्या कण्याच्या जागी तडे गेलेला स्तंभ दिसतो. १९२५ च्या बस अपघाताने दिलेली ही वेदना कोणत्याही जनुकातून आलेली नव्हती. ही दोन चित्रे शेजारी ठेवल्यास अनुवंश आणि जीवनानुभव यांतील भेद विद्यार्थ्यांस सहज उमगतो.

वर्गातील उपक्रम :
आत्मचित्रासाठी प्रत्येकाने आपल्या त्वचेची छटा स्वतः रंग मिसळून तयार करावी व ती कागदाच्या पट्टीवर लावावी. पट्ट्या क्रमाने मांडल्यास 'गोरा' व 'काळा' असे दोन कप्पे पडत नाहीत. छटांची सलग मालिका दिसते. त्वचेचा रंग अनेक जनुके व सूर्यप्रकाश यांच्या एकत्रित परिणामातून ठरतो, ही बहुजनुकीय अनुवंशाची संकल्पना येथे डोळ्यांनी पाहता येते.

घ्यावयाची दक्षता :
आपल्या समाजात विवाहाच्या जाहिरातींतही वर्णाचा उल्लेख होतो. म्हणून पट्ट्यांवर नावे नसावीत. तसेच पालक गमावलेल्या किंवा दत्तक विद्यार्थ्यांचा विचार करून कुटुंबाची छायाचित्रे आणण्याची सक्ती करू नये. आरसा पुरेसा आहे. वंशावळीच्या अभ्यासासाठी काल्पनिक कुटुंब घ्यावे.

निष्कर्ष :
आत्मचित्र हे आनुवंशिकीच्या पाठाची केवळ सजावट नव्हे. बारकाईने पाहिलेला चेहरा 'एक जनुक, एक लक्षण' हा सोपा समज टिकू देत नाही. वारसा आपल्याला घडवितो, परंतु केवळ वारसाच घडवितो असे नाही, हे विद्यार्थ्यास स्वतःच्या चेहऱ्यावरून समजणे, हेच या एकत्रित अध्यापनाचे खरे फलित होय.