हक्स्टेबलांचे घर आणि त्याचा कर्ता

२०२५ च्या जुलै महिन्यात कोस्टारिकाच्या समुद्रात बुडून माल्कम-जमाल वॉर्नर हा अमेरिकी नट वारला. वय ५४. आपल्याकडे ही बातमी फारशी कुणी वाचली नसेल. मी मात्र त्या रात्री कपाटातल्या जुन्या वह्या काढून बसलो. 'द कॉस्बी शो' या मालिकेत त्याने थिओ हक्स्टेबल या मुलाची भूमिका आठ वर्षे केली होती. थिओ आणि मी एकाच वयाचे. थिओच्या वडिलांकडे पाहून मी बाप व्हायला शिकलो, असे मी पुष्कळांना सांगत आलो होतो. गेली काही वर्षे ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. ते का निघत नाही आणि तरीही ती मालिका माझ्याच्याने का सुटत नाही, याचा हिशेब या लेखात मांडायचा आहे.

मी पेशाने पतसंस्थेतला हिशेबनीस. दूरचित्रवाणी मालिकांच्या नोंदी ठेवायला मला कुणी शिकवले नाही. पाहता पाहता लिहीत गेलो आणि वह्या साठत गेल्या. त्यांतली पहिली १९८८ सालची. शेजारच्या काकांचा मुलगा न्यू जर्सीहून सुट्टीला आला, तेव्हा त्याने टीव्हीवरून भरून घेतलेल्या पाच कॅसेट आणल्या होत्या. अमेरिकेची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल, त्यामुळे साध्या व्हीसीआरवर चित्र रंग सोडून गडगडत राही. मल्टिसिस्टिम व्हीसीआर गावात एकाच व्हिडिओवाल्याकडे होता. तो रात्रीपुरता भाड्याने आणून आम्ही त्या पाच कॅसेट पाहिल्या. इंग्रजी निम्मे कळत नव्हते, पण बाप कळला. माझ्या घरी वडील आले की रेडिओ बंद व्हायचा. इथे बाप घरात आला की घर बोलू लागे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द कॉस्बी शो' २० सप्टेंबर १९८४ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाला आणि ३० एप्रिल १९९२ रोजी संपला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारे एक सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंब. वडील क्लिफ हक्स्टेबल हे प्रसूतितज्ज्ञ. त्यांचा दवाखाना घराच्या तळघरात. आई क्लेअर वकील. चार मुली आणि एक मुलगा. सलग पाच हंगाम ही मालिका प्रेक्षकसंख्येत पहिल्या क्रमांकावर राहिली. पाचव्यांदा तो मान तिने 'रोझॅन' या मालिकेसोबत वाटून घेतला. १९८६-८७ च्या हंगामात टीव्ही असलेल्या दर शंभर अमेरिकी घरांपैकी सरासरी पस्तीस घरांत ती लागत होती. तोवर अमेरिकी टीव्हीवरचे कृष्णवर्णीय कुटुंब बहुधा गरिबीशी झगडणारे असे. हक्स्टेबल डॉक्टर आणि वकील होते, घरात पुस्तके होती, भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे होती, थिओच्या खोलीच्या दारावर वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचे घोषवाक्य होते. यांतले काहीही पात्रे समजावून सांगत नसत. ते घरात असे, इतकेच.

पहिल्याच भागातला एक प्रसंग सांगतो. थिओला परीक्षेत वाईट गुण मिळाले आहेत. कॉलेजात न जाता साधी नोकरी करीन म्हणतो. वडील मोनोपॉली खेळातल्या नोटा काढून त्याच्या हातावर महिन्याचा पगार ठेवतात आणि मग कर, घरभाडे, कपडे असे करत एकेक नोट काढून घेतात. पोरगा तरीही हटत नाही. पुढे तो सांगतो की, तुम्ही डॉक्टर आणि आई वकील असली तरी मी जसा आहे तसा मला स्वीकारा. स्टुडिओतले प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कुठल्याही मालिकेत इथे बापाचे डोळे भरून आले असते. क्लिफ म्हणतो की, इतके मूर्खपणाचे बोलणे मी जन्मात ऐकले नाही. तू प्रयत्न करायलाच घाबरतोस. मुलावर प्रेम आहे म्हणून त्याच्या सबबीवरही प्रेम करायचे नसते, ही गोष्ट मला माझ्या लेकीच्या वेळी उपयोगी पडली. हे मी आजही नाकारू शकत नाही.

आता कर्त्याकडे वळू. क्लिफचे काम करणारे बिल कॉस्बी हे मालिकेच्या तीन जनकांपैकी एक. दुसरे दोघे एड वाइनबर्गर आणि मायकेल लीसन. कॉस्बींनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची डॉक्टरेट घेतली होती आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव पदवीसह येई. १९८६ साली पितृत्वावरचे त्यांचे पुस्तक प्रचंड खपले. क्लिफ आणि कॉस्बी यांच्यातली सीमारेषा जाणूनबुजून पुसट ठेवलेली होती. कॉस्बींच्या मुलाला डिस्लेक्सिया असल्याचे कळले, तेव्हा थिओलाही तो असल्याचे दाखवले गेले.

२००४ साली फिलाडेल्फियाजवळच्या आपल्या घरी कॉस्बींनी गोळ्या देऊन लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार अँड्रिया कॉन्स्टँड यांनी २००५ च्या सुरुवातीला केली. त्या तेव्हा टेम्पल विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल विभागात काम करत होत्या. सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. त्यांच्या दिवाणी दाव्यात आणखी डझनभर स्त्रिया साक्ष द्यायला तयार होत्या. पण २००६ मध्ये तडजोड झाली आणि प्रकरण मिटले. पुढची आठ वर्षे जवळजवळ कुणी बोलले नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात हॅनिबल ब्युरेस या विनोदकाराने रंगमंचावरून तो विषय काढला आणि मग एकामागून एक अशा सुमारे साठ स्त्रिया पुढे आल्या. त्यांच्या तक्रारी १९६० च्या दशकापर्यंत मागे जात होत्या. २०१८ च्या एप्रिलमध्ये ज्यूरीने कॉस्बींना दोषी ठरवले. तीन ते दहा वर्षांची शिक्षा झाली. ३० जून २०२१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण असे की, आधीच्या सरकारी वकिलाने खटला न भरण्याचे जाहीर केले होते आणि त्यावर विसंबून कॉस्बींनी दिवाणी दाव्यात जबानी दिली होती. तीच त्यांच्याविरुद्ध वापरणे न्यायालयाला अन्याय्य वाटले. अत्याचार झाला की नाही, यावर तो निकाल नव्हता. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दिवाणी ज्यूरीने १९७५ साली सोळा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्याबद्दल त्यांना जबाबदार धरून पाच लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. कॉस्बी सर्व आरोप आजही नाकारतात.

अशा वेळी एक नेहमीचे उत्तर पुढे येते: माणूस वेगळा, कलाकृती वेगळी. एखाद्या चित्रकाराच्या बाबतीत ते कदाचित चालेल. चित्रात चित्रकार उभा नसतो. इथे ते चालत नाही, आणि त्याची कारणे तपासण्यासारखी आहेत.

पहिले कारण सरळ आहे. या मालिकेतला माल म्हणजे तो माणूसच होता. त्याचा चेहरा, त्याचे स्वेटर, त्याचे थांबून बोलणे. १९९० सालच्या एका भागात क्लिफ एक खास सॉस बनवतो आणि तो खाल्ला की जोडपी एकमेकांना बिलगू लागतात. तेव्हा मी हसलो होतो. आता तो भाग मी पाहू शकत नाही. क्लिफचा व्यवसाय आणि घराखालचा दवाखाना यांचाही अर्थ बदलून गेला आहे. कथेत एक अक्षर बदललेले नाही. आपल्याला माहीत असलेले बदलले आहे.

दुसरे कारण पैशाचे. जुने भाग पुन्हा दाखवण्याचे हक्क विकून कोट्यवधी डॉलर मिळाले आणि ते पैसे व ती कीर्ती वकिलांच्या फौजा उभ्या करायला कामी येतात. म्हणून २०१४-१५ मध्ये वाहिन्यांनी पुनःप्रक्षेपण थांबवले तेव्हा मला ते योग्य वाटले. पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. पुनःप्रक्षेपण थांबले की इतर नटांचे मानधनही थांबते. मालिकेतल्या थोरल्या जावयाचे काम करणारा जेफ्री ओवेन्स २०१८ मध्ये न्यू जर्सीतल्या एका किराणा दुकानात काम करताना दिसला. कुणीतरी त्याचे फोटो छापून त्याची टिंगल केली. मालिका बंद झाल्याचा आपल्या मिळकतीवर परिणाम झाल्याचे त्यानेच सांगितले. शिक्षा एकाला द्यायला जावे आणि ती शंभर जणांत वाटली जावी, असा हा प्रकार.

तिसरे कारण सगळ्यांत जड आहे. या मालिकेने कमावलेला विश्वास तक्रारदार स्त्रियांच्या विरोधात उभा राहिला. २००४ च्या मे महिन्यात कॉस्बींनी वॉशिंग्टनमध्ये एक गाजलेले भाषण केले आणि गरीब कृष्णवर्णीय आईबापांना मुले नीट वाढवत नसल्याबद्दल झोडपले. त्यांना तो अधिकार दिला होता क्लिफ हक्स्टेबलने. पुढे २०१५ मध्ये एदुआर्दो रोब्रेनो या न्यायाधीशांनी त्या जुन्या दिवाणी दाव्यातली कागदपत्रे खुली केली. ज्या माणसाने सार्वजनिक नीतिशिक्षकाची भूमिका घेतली आहे, त्याच्या या वर्तनात लोकांना रास्त स्वारस्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्याशी संग करायचा त्या तरुण स्त्रियांना देण्यासाठी गुंगीच्या गोळ्या मिळवल्याची कबुली त्या कागदांत होती. ज्या प्रतिमेने दहा वर्षे दार बंद ठेवले, तिच्यामुळेच शेवटी कुलूप निघाले.

हे मी तटस्थपणे लिहीत असलो तरी तटस्थ नाही. २०१८ साली निकाल लागला तेव्हा माझी लेक बारावीत होती. आम्ही दोघांनी मिळून ही मालिका तबकड्यांवर पाहिली होती. तिने विचारले, "बाबा, त्या बाई २००५ पासून सांगत होत्या ना? तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं वहीत?" मी वही काढली. २००५ च्या फेब्रुवारीतल्या नोंदीत बातमीचा सारांश होता आणि खाली माझ्या अक्षरात एकच शब्द: "पैशांसाठी?" तिने तो वाचला, वही मिटून माझ्या हातात दिली आणि चहा ठेवायला गेली. पुढे बरेच दिवस आमच्यात हा विषय निघाला नाही.

प्रश्नचिन्ह घातले होते, एवढेच काय ते माझ्या बाजूने. मी त्या बाईंना ओळखत नव्हतो, कॉस्बींनाही नव्हतो. ओळखत होतो तो क्लिफला. एका काल्पनिक बापाच्या शब्दावर मी एका खऱ्या स्त्रीला खोटे ठरवायला निघालो होतो. मालिकेवर प्रेम करणे हा गुन्हा नव्हे. त्या प्रेमाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे ही माझी चूक. आपल्याकडे संतांनी बोलणे आणि वागणे एक असलेल्या माणसाचेच पाय धरायला सांगितले आहे. मी फक्त बोलणे ऐकले आणि वागणे गृहीत धरले.

मग उरते काय? माझ्या मते, घर उरते. कर्ता उरत नाही. ते घर एकट्याने बांधलेले नव्हते. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ अल्विन पुसाँ संहिता वाचून सल्ला देत होते. क्लेअरला फिलिशिया रशाद यांनी जो ताठ कणा दिला, तो त्यांचा होता. आजीआजोबांच्या लग्नाच्या वाढदिवशी सगळे कुटुंब रे चार्ल्सच्या गाण्यावर ओठ हलवत जिन्यावरून नाचते, त्यात धाकट्या रूडीने साऱ्यांवर केलेली मात त्या चिमुरड्या मुलीची होती. 'अ डिफरंट वर्ल्ड' ही मालिका यातूनच निघाली आणि तिने कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचे जग घरोघर नेले. ज्यांनी हे पाहून शिक्षणाचा हट्ट धरला, त्यांचे शिक्षण खोटे ठरत नाही. मालिकेचा वारसा डागाळला आहे हे वॉर्नरने स्वतः मान्य केले होते. ज्या कामात त्याचे बालपण गेले त्याबद्दल हे बोलणे सोपे नसणार.

पण घर ठेवायचे तर त्याचा पूर्ण उतारा ठेवावा लागतो. त्या स्त्रियांच्या बोलण्याने कायदेही बदलले: बलात्काराच्या खटल्याला असलेली मुदत कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून पुढच्या गुन्ह्यांसाठी काढून टाकली. मालिकेच्या इतिहासात ही नोंदही यायला हवी. मी आता कुणाला हे भाग आपणहून दाखवत नाही. कुणी मागितले तर आधी वरची हकीकत सांगतो, मग तबकडी देतो. काहीजण ती न घेताच जातात. त्यांचेही बरोबर आहे.

वॉर्नर गेल्याची बातमी आली त्या रात्री मी पहिला भाग लावला. लेक सुट्टीला घरी आली होती. ती येऊन शेजारी बसली. मोनोपॉलीच्या नोटांपाशी दोघेही हसलो. शेवटी श्रेयनामावली आली. पूर्वी मी तिथे बंद करत असे. या वेळी ते नाव येऊन जाईपर्यंत थांबलो आणि मग २००५ ची वही काढून त्या एका शब्दाखाली आजची तारीख घालून लिहिले: "नाही. ती खरे सांगत होती."