कुत्र्याचं पिल्लू गाडीतून आणताय? पोतं अन् डिक्की नको. भाज्याचा चढ लागण्याआधी ही काळजी घ्या

लोहगडवाडी (ता. मावळ) : राखणीला एखादं कुत्रं हवं म्हणून पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा तळेगावातल्या ओळखीच्या घरून पिल्लू आणायचं, ही मावळातली नेहमीची गोष्ट. कुणी ते पोत्यात घालतं, कुणी डिक्कीत ठेवतं, कुणी पोराच्या मांडीवर देतं. प्रवास तसा तास-दोन तासांचा. तरीही घरी पोचेपर्यंत पिल्लू ओकून, हगून पार गळून गेलेलं असतं. एखादं आठवड्याभरात दगावतंही. मग घरचे म्हणतात, "पाणी बदललं, मानवलं नाही." खरं कारण पुष्कळदा वाटेत घडलेलं असतं.

पिल्लाचा हा पहिला प्रवास नीट व्हावा यासाठी फार खर्च लागत नाही. भाजीचे दोन रिकामे क्रेट, जुनी गोधडी आणि सोबत एक माणूस एवढं पुरतं.

दोन महिन्यांच्या आत उचलू नका

गावाकडे डोळे उघडून पिल्लू चालायला लागलं की उचलायची पद्धत आहे. ती चुकीची आहे. आईचं दूध आणि भावंडांची संगत पिल्लाला निदान आठ आठवडे मिळायला हवी. त्याआधी तोडलेलं पिल्लू अशक्त राहतं, घाबरट होतं, पुढे चावरं होण्याचीही भीती असते. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. फुकट मिळत असलं तरी हाच हिशेब धरावा.

आणताना दोन गोष्टी विचारून घ्या. जंताचं औषध कधी दिलं आणि पहिली लस टोचली का? साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देतात. लसीचं कार्ड असेल तर ते सोबत आणा. नाहीतर पुढच्या डॉक्टरला काय दिलं, काय राहिलं हे कळत नाही.

दिवस आणि वेळ

शनिवार-रविवार टाळलेलाच बरा. लोहगड, विसापूर, भाजे लेणी आणि कार्ल्याची एकवीरा या सगळ्यांची गर्दी एकाच भागात येते. पावसाळ्यात तर मळवली ते लोहगडवाडी रस्त्यावर गाड्या तासन् तास अडकतात. मोठ्या माणसाचा जीव कासावीस होतो, तिथं दोन महिन्यांच्या पिल्लाचं काय?

आडवारी सकाळी लवकर निघावं. ऊन चढत नाही, रस्ता मोकळा मिळतो आणि पिल्लू उजेडात घरी पोचतं. नवी जागा दिवसा बघितली की रात्रीचं रडणंही जरा कमी होतं.

गाडीत जागा कुठली?

ड्रायव्हरच्या मांडीवर तर बिलकुल नाही. पिल्लू घाबरलं की अंधारात, कोपऱ्यात शिरायला बघतं. गाडीत तसा कोपरा म्हणजे ब्रेक-क्लचच्या पेडलखालची जागा. वळणावर ब्रेक मारायला जावं आणि पायाखाली पिल्लू असावं, यात पिल्लाबरोबर गाडीतली सगळीच माणसं धोक्यात येतात.

पुढच्या सीटवर मांडीवर धरून बसणंही नको. समोर एअरबॅग असेल आणि ती फुटली तर तिचा दणका पिल्लाला सोसत नाही. एअरबॅग नसली तरी जोराचा ब्रेक लागल्यावर हातातलं पिल्लू सुटून काचेवर आपटतं. एरवी दोन-तीन किलो वाटणारं वजन धडकेच्या वेळी कित्येक पट होतं. तेव्हा कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही.

बंद डिक्कीत हवा खेळत नाही, वरून ऊन तापतं आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. पिकअपच्या उघड्या हौद्यातही ठेवू नये. वारा, ऊन, उडी मारायची भीती हे सगळं तिथं आलंच. पोत्याचं तोंड बांधून आणणं तर सरळ गुदमरवणं आहे. जनावराला त्रास होईल अशा पद्धतीने वाहून नेणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

सगळ्यात बरी जागा म्हणजे पुढच्या डाव्या सीटच्या मागे, खाली पायाशी. तिथं क्रेट ठेवून पुढची सीट थोडी मागे सरकवली की तो घट्ट बसतो. मग वळणावर हलत नाही. ओम्नी, इकोसारख्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिथं जवळ बूड तापतं, म्हणून आधी हात लावून बघा आणि क्रेट मागच्या सीटवर बेल्टने बांधा.

भाजीच्या क्रेटचा पिंजरा

पाळीव जनावरांच्या दुकानात तयार पिंजरे मिळतात. पण एका दिवसासाठी तो खर्च करायलाच हवा असं नाही. टोमॅटोचे दोन प्लास्टिक क्रेट घ्या. आधी औषधाचा, खताचा काही वास असेल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवा. एक क्रेट सरळ ठेवायचा, दुसरा त्याच्यावर पालथा घालायचा आणि चारही बाजूंनी सुतळीने बांधायचं. हवा भरपूर येते आणि पिल्लू बाहेर पडत नाही.

क्रेटच्या भोकात पाय अडकू नये म्हणून खालच्या भागाला आतून पुठ्ठा लावा. वरची भोकं मोकळी ठेवा. तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर आणि त्यावर जुनी गोधडी. ओली झाली तर बदलायला दुसरी जवळ ठेवा.

आणखी एक सोपी गोष्ट. पिल्लू जिथून घ्याल तिथं एक फडकं त्याच्या आईच्या आणि भावंडांच्या अंगावर चोळून घ्या आणि क्रेटमध्ये ठेवा. तो वास असला की पिल्लू लवकर शांत होतं. पहिल्या दोन-चार रात्री घरीही तेच फडकं कामाला येतं.

पिल्लालाही गाडी लागते

लहान पिल्लाच्या कानातला तोल सांभाळणारा भाग पुरता तयार झालेला नसतो. त्यामुळे मोठ्या कुत्र्यापेक्षा पिल्लाला गाडी जास्त लागते. जुन्या हायवेने कार्ला फाट्यापर्यंत ते गप्प झोपतं. मळवली ओलांडून भाज्याच्या पुढे गायमुख खिंडीकडचा चढ आणि वळणं लागली की त्याचं पोट ढवळायला लागतं. पवनानगरकडून येणाऱ्यांनाही चढ-वळणं चुकत नाहीत.

तोंडातून लाळ गळणं, सारख्या जांभया देणं, ओठ चाटणं, कण्हणं ही उलटीच्या आधीची लक्षणं. अशा वेळी गाडी हळू करा, काच दोन बोटं खाली घ्या. सोबतच्या माणसाने क्रेटवर नुसता हात ठेवून हळू आवाजात बोलावं. गाणी मोठ्याने लावू नयेत.

निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खायला घालू नका. थोडं पाणी चालेल. मात्र उपाशी ठेवायचं म्हणून दिवसभर काहीच न देणं हेही वाईट. लहान पिल्लाच्या रक्तातली साखर पटकन उतरते. मग ते थरथरतं, मान टाकतं. असं झालं तर गुळाचं घट्ट पाणी किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळा आणि लगेच डॉक्टर गाठा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं.

वाटेत दूध-बिस्कीट देऊ नका. आणि उलटीची किंवा दुखण्याची माणसांची गोळी कधीच देऊ नका. माणसाला चालणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात विष ठरू शकतात.

ढाब्यावर खाली सोडणं महागात पडतं

पिल्लं दगावण्याचं मोठं कारण इथं आहे. चहाला गाडी थांबते आणि "जरा पाय मोकळे करू दे" म्हणून पिल्लू खाली सोडलं जातं. ढाबा, पेट्रोल पंप, पार्किंग अशा जागी भटक्या कुत्र्यांची ये-जा असते. त्यांच्या विष्ठेतून पार्व्हो नावाच्या रोगाचे विषाणू जमिनीत पसरतात आणि तिथं कित्येक महिने टिकतात. विष्ठा डोळ्यांना दिसायलाच हवी असं नाही. पिल्लाने जमीन हुंगली, पाय चाटले एवढं पुरतं.

लागण झाली की साधारण तीन ते सात दिवसांत पिल्लू खाणं सोडतं, ओकतं, त्याला घाण वासाची रक्ताची हगवण लागते. "पाणी बदललं" म्हणतात ते हेच असू शकतं. अशा वेळी घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. सलाईन वेळेवर लागलं तर पिल्लू वाचू शकतं.

लसीचे सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला वाटेत जमिनीवर ठेवायचंच नाही. शी-शू गाडीतच, वर्तमानपत्रावर होऊ द्या. तास-दोन तासांच्या प्रवासात थांबायची गरजही पडत नाही.

बंद गाडीत पाच मिनिटंही नको

बाहेर 30 अंश तापमान असलं तरी उन्हात उभ्या बंद गाडीत दहा मिनिटांत 40 च्या आसपास आणि अर्ध्या तासात 50 च्या जवळ जातं. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा अंग थंड करायचा मुख्य मार्ग. कोंडलेल्या गरम हवेत त्याचाही उपयोग होत नाही.

बाजार करायचा असेल तर तो आधी उरका, पिल्लू शेवटी घ्या. जोरजोरात धाप लागली, हिरड्या लालभडक झाल्या, पिल्लू लडखडलं तर ऊन लागलं असं समजा. सावलीत न्या, साध्या पाण्याने अंग ओलं करा, वारा घाला. बर्फाचं पाणी नको. मग थेट डॉक्टरकडे न्या.

पावसाळ्यात उलटा धोका. भिजलेलं पिल्लू फार लवकर गारठतं. कोरडा टॉवेल जवळ असू द्या आणि एसीचा झोत क्रेटवर येऊ देऊ नका.

मोटारसायकलवर आणायचं असेल तर

गाडी नसेल तर शक्यतो ओळखीच्या कुणाची तरी गाडी बघा. अगदीच इलाज नसेल तर चालवणारा वेगळा आणि पिल्लू धरणारा वेगळा हवा. हवा जाईल अशा पिशवीत, डोकं बाहेर ठेवून, मागे बसलेल्याने छातीशी धरावं. हँडलला पिशवी अडकवून आणणं जिवावर बेतू शकतं.

वाटेत चावलं तर

घाबरलेलं पिल्लू ओरखडतं, चावतं. "पिल्लूच आहे" म्हणून सोडून देऊ नका. रेबीज पिल्लालाही असू शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या.

घरी पोचल्यावर

उतरवल्यावर आधी शी-शूची ठरलेली जागा दाखवा, मग पाणी, मग थोडं खाणं. जुनं कुत्रं असेल तर लगेच समोरासमोर सोडू नका. रात्री पिल्लू अंगणात बांधू नये. डोंगराच्या कडेच्या गावांत बिबट्याला ते सोपं भक्ष्य आहे.

दोन-तीन दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून लसीच्या पुढच्या तारखा घ्या. पार्व्होसारख्या रोगांची लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची. अडचणीच्या वेळी पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

निघण्याआधी एवढं जवळ आहे का बघा

- दोन क्रेट, सुतळी, पुठ्ठा
- दोन गोधड्या किंवा जुन्या चादरी, वर्तमानपत्रं, कोरडा टॉवेल
- पाण्याची बाटली, छोटी वाटी, थोडा गूळ
- आईच्या वासाचं फडकं, लसीचं कार्ड
- गाडी चालवणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस