खोताच्या वाडीतला बाहेरचा जिना

गिरगावात जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून खोताच्या वाडीत वळलं की चार पावलांत रहदारीचा आवाज मागे पडतो. वाडीचं नाव पाठारे प्रभू असलेल्या दादोबा वामन खोतांवरून पडलं. त्यांच्याकडून जागा घेऊन इथे घरं बांधली ती मुख्यतः ईस्ट इंडियन कुटुंबांनी. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्यांची इथली, मराठी बोलणारी ख्रिस्ती. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे सांगण्यासाठी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. घरातली बोली मराठीच राहिली.

इथलं घर पाहायचं तर जिन्यापासून पाहावं. तो घराच्या बाहेर, थेट गल्लीत उतरतो. वर धाकट्या भावाचा संसार असो की भाडेकरू, खालच्यांच्या माजघरातून कुणाला जावं लागत नाही. लाकडी कठड्यावर हात ठेवला की इतक्या वर्षांच्या हातांनी आलेला गुळगुळीतपणा कळतो. खाली ओटा, वर सज्जा, त्यावर मंगलोरी कौलं. पावसाळ्याआधी दारात मिरच्या वाळायच्या, कुटलेला मसाला बाटल्यांत ठासून भरला जायचा, म्हणून तो बॉटल मसाला. मिरचीच्या खकाण्याने गल्लीभर शिंका. घर आणि गल्ली यांच्यामध्ये भिंत नव्हतीच, ओटा होता.

एकेकाळी अशी ६५ घरं होती असं सांगतात. आज तिशीही भरत नाही.

घरं पाडणाऱ्यांना मी सरसकट दोष देणार नाही. एका घरावर चार-पाच वारसांची नावं, त्यातले काही परदेशी. वाळवी लागलेला वासा बदलायचा तर सागवान महाग, आणि जुना सांधा जुळवणारा सुतार मिळत नाही. शिवाय तळमजला आणि एक माडी एवढ्या घराने परवानगीतला एफएसआय, म्हणजे जागेवर करता येणारं बांधकाम, जेमतेम वापरलेला असतो. उरलेल्याची किंमत बिल्डर बरोबर सांगतो. १९९५ साली मुंबईत वारसा नियमावली आली खरी, पण ती बांधकामावर बंधनं घालते. डागडुजीचा खर्च मालकाच्याच माथी राहतो. माझा राग आहे तो यावर.

पाडकाम जिन्यापासून सुरू होताना मी पाहिलं आहे. पायऱ्या निघाल्या की माडी अधांतरी दिसते, दार उघडं आणि पुढे काहीच नाही. मग कौलं उतरवून एकावर एक रचतात, कठडा भंगारवाला टेम्पोत घालतो. त्या जागी टॉवर येतो, खाली पार्किंग, वर घरं. मिरच्या वाळवायच्या तर गच्चीची किल्ली वॉचमनकडे मागावी लागते.