गोठ्याची जागा पावसाला विचारावी

धानाची मळणी आटोपली, हाती चार पैसे आले, की लालबर्र्याच्या परिसरात घरोघरी एकच बेत चालू होतो: ‘यंदा नवा कोठा बांधायचा.’ बेत उत्तम आहे. परंतु कोठा म्हटला की कवेलू, पत्रे आणि खांब यांचाच हिशेब मांडला जातो. ज्या भुईवर जनावर रात्रंदिवस उभे राहायचे, तिचा विचार शेवटी होतो, किंवा होतच नाही.

ही चूक आम्हीही करून बसलो आहोत. काही वर्षांपूर्वी वैशाखातील टणक जमीन पाहून आम्ही गोठ्याची जागा ठरविली, खांब रोवले, छप्पर चढविले आणि महिन्याभरात काम उरकले. त्याचा आम्हांस अभिमानही वाटला. आषाढातील दुसऱ्याच झडीत तो ओसरला. जागा मूळची बांधीची होती. छपरातून थेंबही गळला नाही. पाणी आले ते खालून. भुईचा चिखल झाला, खांब कलले, आणि एक गाभण गाय पाय घसरून पडली ती पुन्हा उठली नाही. दोष छपराचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

आपला मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यातील, धानाचा. बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले, याचा आपणां सर्वांस आनंद आहे. पण ज्या बांधीत पाणी साचून राहते म्हणून धान डोलते, तीच बांधी गोठ्याला मात्र वैरीण ठरते. काळी, भारी कन्हार पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभे केलेले काहीही फार काळ सरळ राहत नाही. लाल, खडेमिश्रित बरडी पिकाला कोती, परंतु पाणी झिरपू देणारी. गोठ्यास तीच बरी. वाळूवर बांधलेल्या घराचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे. आपल्याकडे वाळूच्या जागी कन्हार समजावी, इतकेच.

म्हणून प्रथम जागेची परीक्षा घ्यावी. तीन फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच उभे असेल, तर ती जागा सोडावी किंवा भर घालून पुरेशी उंच करावी. याहून सोपी परीक्षा म्हणजे घरच्या गृहिणीस विचारणे. भर श्रावणात शेणाचे टोपले डोक्यावर घेऊन कोठून चालता येते आणि कोठे पाय रुततो, हे तिच्याइतके कोणास ठाऊक? पिण्याच्या विहिरीपासून गोठा निदान ५० फूट दूर आणि उताराच्या बाजूस असावा.

चार गाईंस १० बाय १६ फुटांची जागा पुरते. म्हशींस थोडी अधिक लागते. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवल्यास उन्हाळ्यात ऊन आत कमी शिरते. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे पाहण्यास दोरी पुरे: एका बाजूस सहा फूट, दुसरीस आठ फूट मोजावे, दोन्ही खुणांमधील अंतर बरोबर दहा फूट भरले, की कोपरा साधला.

आखणी झाल्यावर वरची काळी माती, गवत, मुळ्या आणि जुने बुंधे काढून टाकावेत. बुंधा आत राहिला तर तो कुजून पोकळी होते आणि वाळवीस आयते घर मिळते. काढलेली माती टाकून न देता परसातील भाजीच्या वाफ्यांत घालावी. नंतर मुरूम भरावा, तो एकदम नव्हे, सहा-सहा इंचांच्या थरांनी. प्रत्येक थर ओलसर करून धुम्मसाने ठोकावा. पाणी इतके घालू नये की चिखल होईल. जोते भोवतालच्या जमिनीहून दीड ते दोन फूट उंच यावे. गव्हाणीकडून नालीकडे दर दहा फुटांस तीन इंच उतार द्यावा. याहून कमी दिला तर मूत्र साचते. फार दिला तर गाभण जनावरास उभे राहणे जड जाते. नालीचे तोंड खताच्या खड्ड्याकडे वळवावे, म्हणजे शेताचे धन शेतातच जाईल.

एवढा खटाटोप कशासाठी? ओल्या भुईवर उभ्या जनावराचे खूर मऊ पडून सडतात, आणि चिखलात बसणाऱ्या दुभत्या गाईच्या कासेस दाह होण्याचे भय वाढते. लाळ-खुरकत हा निराळा, संसर्गाचा रोग आहे. तो कोरड्या भुईने टळत नाही. त्यासाठी लसच टोचून घेतली पाहिजे.

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट: थांबणे. नवी भर कितीही ठोकली तरी पावसात थोडीबहुत खचतेच. म्हणून या उन्हाळ्यात केवळ जोते घालावे, एक पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा, खचेल तेथे पुन्हा भर घालावी, आणि धान घरी आल्यावर खांब उभे करावेत. ‘एवढा धीर कोणास?’ असे आपण म्हणाल. जुन्या कोठ्याची डागडुजी करून, नालीत साचलेले पाणी रोज काढून, एक पावसाळा निभावता येतो. कर्ज काढून आणलेली गाय एकदा पडली, की हप्ते मात्र थांबत नाहीत.

आमच्या त्या जागेवर आज पुन्हा धान उभे राहते. नवा गोठा बरडीवर आहे. त्याचे जोते मात्र गाय आणण्यापूर्वी एक संपूर्ण पावसाळा रिकामे पडून होते. जाणारे-येणारे हसत. आम्हीही त्यांच्याबरोबर हसलो, आणि पाऊस कोठे खचवितो ते पाहत राहिलो.