टॉवेल निघाला विलायतेला!

आमच्या सोलापुरात लग्नाच्या आहेरात चादर आणि टॉवेल नसेल तर तो आहेर कसला! पण हाच टॉवेल विलायतेला जातो, हे आपल्या गावीही नसतं. परवा बचत गटाचे हप्ते घेत बसले होते, तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या अक्कांनी एकदम विचारलं, "ताई, इंग्लंडबरोबर कसला तरी करार झालाय म्हनं. आमचे टॉवेल लई जातील म्हनतेत. मजुरी वाढंल का?"

मला कुठं काय ठाऊक! मी आपली बी.ए. मराठी. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग जुनी वर्तमानपत्रं काढली, ओळखीच्या एका कारखानदारांना गाठलं.

तर मैत्रिणींनो, 24 जुलै 2025 ला भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. आपल्या 99 टक्के प्रकारच्या मालावरचं तिथलं आयात शुल्क काढायचं त्यात ठरलं. आपल्या कापडावर तिथं 8 ते 12 टक्के शुल्क लागायचं. बांगलादेश आणि पाकिस्तानच्या कापडावर मात्र ते माफ होतं. म्हणजे समजा, आपला टॉवेल आणि त्यांचा टॉवेल, दोन्ही शंभर रुपयांचे. तिथल्या व्यापाऱ्याला त्यांचा शंभरातच पडणार आणि आपला एकशे दहा-बाराला. आपणसुद्धा भाजी घेताना दोन रुपयांसाठी पुढच्या गाडीवर जातोच की! आपल्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण गिऱ्हाईक आधी भाव बघतं.

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवणाऱ्यांची झोप उडाली. दुसरं दार उघडं असलेलं बरं.

पण अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यावर मिळत नाही. शुल्क वाचतं ते तिकडच्या व्यापाऱ्याचं. त्यातलं इथं किती येणार, हे घासाघीस कोण कशी करतो त्यावर. आपले कितीतरी छोटे कारखानदार स्वतः परदेशात माल पाठवत नाहीत, मुंबईच्या व्यापाऱ्याला देतात. शिवाय सवलत हवी तर माल भारतातच बनल्याचा दाखला लागतो, कागदपत्रं नीट लागतात. "वहिनी, माग चालवायचा की कागद रंगवायचे?" कारखानदार म्हणाले. मी म्हटलं, चार जणांनी मिळून एक शिकलेली मुलगी ठेवा की कागदांसाठी! ते हसले. मी काही थट्टा केली नव्हती.

मग अक्कांना काय मिळणार? ऑर्डरी वाढल्या तर आधी काम वाढेल. शिलाई, चेकिंग, धागे कापणं, घड्या, पॅकिंग ही कामं बहुतेक बायकांचीच. आठवड्यातले दोन दिवस घरी बसावं लागत असेल, तर ते भरून निघतील. डझनाचा दर मात्र आपोआप वाढत नाही, तो मागावा लागतो.

मला यात वेगळीच आशा दिसते. परदेशातली मोठी दुकानं ऑर्डर देण्याआधी कारखाना तपासायला माणसं पाठवतात. हजेरीपट, पगाराची नोंद, आग विझवायची सोय आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, सगळं बघतात. वर्षानुवर्षं आम्ही बायका ज्यासाठी अर्ज करतोय, ते कदाचित लंडनच्या गिऱ्हाइकासाठी होईल! हसावं की रडावं?

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. अक्का शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ते तपासनीस हजेरीपट बघनार. पन त्यात आमचं नाव हाय कुठं?"

मी विचारलं, कुणाकुणाचं नाव हजेरीपटावर आहे, हात वर करा. खोली भरून बायका होत्या. दोनच हात वर आले. वहीचं नवं पान उघडून मी बाकीच्यांची नावं लिहायला घेतली.