तारलीचा जन्मकाळ

कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्या वर्षी तारलीच्या राशी पडतात, तर एखाद्या वर्षी जाळी रिकामीच परततात. कोळी बांधव याला दर्याची मर्जी म्हणतात. ही मर्जी ठरते ती बव्हंशी माशाच्या जन्मकाळी.

तारली मुख्यत्वे पावसाळ्याच्या महिन्यांत अंडी घालते. मादी हजारो अंडी पाण्यात मोकळी सोडते. सुमारे एका दिवसात ती फुटतात. पिलाजवळची बलकाची शिदोरी लवकरच संपते आणि तेव्हा भोवतालच्या पाण्यात सूक्ष्म जीव विपुल असतील, तरच ते जगते.

हे अन्न वाराच सिद्ध करतो. मोसमी वाऱ्याने पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि तळचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात. मात्र या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यामुळे ते फार वर आले तर मासे दूर जातात. मुळीच आले नाही तर पिले उपाशी राहतात. केरळात २०१२ साली तारलीचे उत्पन्न सुमारे चार लाख टन होते. २०२१ साली ते साडेतीन हजार टनांच्याही खाली गेले. समुद्राचे तापणे आणि कोवळ्या माशांची बेसुमार पकड, ही त्याची कारणे अभ्यासक सांगतात.

अशा वेळी जेलीफिशचे फावते. ती पिलांचे अन्न खाते, शिवाय अंडी व पिलेही गिळते. तिला सर्वस्वी वैरी मात्र म्हणता येत नाही. काही जातींची लहान मासळी तिच्याच छत्रीखाली आश्रय घेते. परंतु मासे घटले की तिला प्रतिस्पर्धी उरत नाही. आफ्रिकेतील नामिबियाच्या समुद्रात १९६० नंतरच्या दशकात तारलीच्या भाईबंदांची अतोनात मासेमारी झाली. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथे जेलीफिश १ कोटी २२ लाख टन, तर मासे अवघे ३६ लाख टन आढळले. एकदा गेलेली जागा माशांना सहजी परत मिळत नाही.

वारा माणसाच्या हाती नाही. जाळे मात्र आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ठेवण्याची जुनी रीत वादळाच्या भयाने पडली असेल, तरी तिने माशांच्या पिलांनाही अभय दिले. पावसाळ्यातील मासेमारीबंदीचा कायदा हेच काम करतो. तो मोडणारा पुढच्या हंगामाचे बियाणेच खाऊन टाकतो.